परत म्हणून दाखव

अहो, तेराव्याला भाड्याने आणलेली पातेली आज सकाळी परत गेली. सतरंज्या गच्चीवर वाळताहेत. माणसं पांगली. आपली नंदा आतल्या खोलीत तिच्या केतकीला झोपवता झोपवता स्वतःच झोपलीय आणि मी तुमच्या शिलाई मशीनच्या टेबलापाशी येऊन बसलेय. तुमच्या म्हणजे माझ्या. टेबल माझं, खालचा पायाने दाबायचा पायटा माझा, वर कॉम्प्युटरमधला विमानतळ तेवढा तुमचा. हा वाद मिटलेला नाही, एवढं लक्षात असू द्या.

दमलेय हो. रडून नाही, रडायला लोकांनी फुरसतच कुठे दिली. येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगायचं. सकाळी काय झालं, मग काय झालं, डॉक्टर काय म्हणाले. सांगून संपतं न संपतं तोच दारात दुसऱ्या चपला वाजतात. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, एकदाच नीट सांग आणि समोरच्याकडून परत म्हणून घे. म्हणजे चुकीची बातमी पुढे जात नाही.

परत म्हणून दाखव. या तीन शब्दांनी माझ्या संसाराचा पार बट्ट्याबोळ केला होता.

तेव्हाची मी काय होते ते तुम्ही पाहिलंय. बाळकुमच्या खाडीकाठची, शेपटा कमरेपर्यंत आणि अक्कल मानेपर्यंत. आकाशात विमान घरघरलं की डोक्यावरची टोपली घट्ट धरून आंब्याखाली पळायचे. विमान पडलंच तर आंबा झेलणार होता जणू. असली नवरी तुम्ही कोपरीच्या चाळीत आणलीत. लग्नाला पंधरवडाही झाला नसेल. दारात चपला घालता घालता तुम्ही म्हणालात, "आज उशीर होईल. तू जेवून घे. परत म्हणून दाखव."

मी बघतच राहिले.

"परत म्हणून दाखव," तुम्ही पुन्हा म्हणालात, अगदी शांतपणे.

मी नाही म्हणून दाखवलं. तुम्ही गेल्यावर पिशवी भरली आणि तडक माहेर गाठलं. बाबांपुढे बसून ढसाढसा रडले. म्हटलं, त्यांना मी ढ वाटते, शाळेतल्या पोरीसारखं घोकून घेतात. बाबा सुपारी कातरत होते, त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. "मग म्हणून दाखवायचं ना," म्हणाले, "काय जातंय तुझं?"

मला कुठे ठाऊक होतं की रेल्वेच्या त्या कंट्रोल ऑफिसात तुमचा सगळा दिवस असाच जातो. कानाला फोन लावून बसायचं, कुठली मालगाडी कुठल्या स्टेशनात बाजूला घ्यायची, कुठली पुढे सोडायची ते सांगायचं. पलीकडच्या माणसाने शब्दन् शब्द परत म्हणायचा. मग तुम्ही म्हणायचं, "बरोबर." तुम्ही 'बरोबर' म्हणेपर्यंत तो हुकूम नव्हेच. हे सगळं मला तुम्ही फार नंतर समजावलंत. तोवर मी चाळीतल्या बायकांना सांगून बसले होते की आमचे हे एका खुर्चीत बसून सगळ्या गाड्या चालवतात. "सगळ्या? एकदम? हात कसे पुरतात गं?" असं कुणीतरी विचारलं, तर मी काय म्हणावं? "सवय आहे त्यांना." इतक्या गंभीरपणे म्हणाले की तिला ते पटलंच.

मग मी परत म्हणायला लागले, पण माझ्या पद्धतीने. तुम्ही म्हणायचात, "दूध घे, कोथिंबीर घे, वाण्याकडे जाऊ नको." मी म्हणायचे, "दूध घेते, वाण्याला घेते, कोथिंबिरीकडे जात नाही." तुमचा चेहरा ढिम्म. "चूक. परत." मी आणखी फिरवायचे. तुम्ही आणखी ढिम्म. दार लावून घेतल्यावर जिन्यात तुमचं हसू ऐकू यायचं, ते मी कधी तुम्हाला कळू दिलं नाही. नंदा सहावीत असताना आपण डोंबिवलीला आलो, घरात फोन आला, तरी हा खेळ चालूच. एकदा ऑफिसातून फोन आला, मला वाटलं तुमचाच, आणि सवयीने मी सगळं उलटसुलट करून म्हणून दाखवलं. पलीकडे तुमचे साहेब होते. आठवतंय?

तुम्ही निवृत्त झालात आणि घरात हुकूम ऐकायला मी एकटी उरले. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही. पण त्याच सुमारास जावईबापूंना मस्कतला नोकरी लागली आणि जाताना त्यांनी आपला जुना कॉम्प्युटर आपल्याकडे ठेवला, विमान चालवायच्या खेळाच्या सीडीसकट. खिडकीजवळ, प्लगच्या शेजारी, बरोबर माझं शिलाई मशीन. तुम्ही त्याचं वरचं मशीन तेवढं उचलून पलंगाखाली सरकवलंत आणि टेबलावर तो डबा मांडलात. मी आठ दिवस बोलले नाही. तुम्हाला ते कळलंच नाही, कारण तुम्ही आकाशात होतात.

खाली पाय मोकळे राहिले ते पायट्यावर. विमान वळवायचं झालं की तुमचा पाय आपसूक दाबला जायचा, चाक फिरायचं, करकर करकर. मी विचारलं, विमानाला तेल नको का घालायला? तुम्ही म्हणालात, "माझं मशीन मला चालवू दे." माझं मशीन!

तुम्ही पहिल्यांदा मुंबईहून उडालात तेव्हा मी मागे पलंगावर मेथी निवडत बसले होते. म्हटलं, ठाण्यावरून घ्या जरा, कोपरी दाखवा. तुम्ही घेतलंत. खाली हिरवंगार मैदान. ना कोपरी, ना बाळकुम, ना खाडी.

"खाडी कुठे गेली?"

"सीडीत नाही घातलेली."

"एवढी मोठी खाडी नाही घातली? मग उतरायची जागा तरी घातलीय का नक्की?"

तुम्ही हसलात. मी हसले नव्हते. तिथून पुढे मस्कतचं सुरू झालं.

कारण नंदाने मस्कतहून फोनवर बातमी दिली होती. मग केतकी झाली. मग "बाबा, या ना, आईला घेऊन या." तुम्ही एका पायावर तयार. मी मात्र दोन्ही पाय जमिनीला लावून बसलेली. सरळ सांगितलं, मला खाली काहीतरी टेकलेलं लागतं, तुम्ही जा. तुम्ही म्हणालात, "दोघं, नाहीतर कोणीच नाही." आणि हा वाद आपण इतक्या वेळा घातला की शेवटी नुसती मी मेथीची जुडी आपटली तरी तुम्हाला उत्तर कळायचं. नंदा बाळंतपणाला इथे आली होती, नंतरही येऊन जायची. पण तिचं घर, तिचा ओटा, तिच्या खिडकीतून काय दिसतं, यातलं काही आपण पाहिलं नाही. मी येत नाही म्हणून तुम्हीही पाहिलं नाही.

त्याऐवजी तुम्ही रोज पडद्यावर मस्कतला जायला लागलात.

तेव्हा त्या खेळात आकाश मुकं होतं. तुम्ही उडायचात, उतरायचात, कुणी हटकत नव्हतं. जन्मभर कंट्रोल ऑफिसात बसलेल्या माणसाला ते कसं सोसावं? मग तुम्ही मला नेमलंत. मी स्वयंपाकघरातून टॉवर. तुम्ही ओरडायचात, "उतरायला परवानगी द्या." मी म्हणायचे, "आमटीला फोडणी देते, मग उतरा." आणि अहो, तुम्ही खरंच घिरट्या घालत राहायचात. एकदा मी विसरून भाजीला गेले. परत आले तर तुम्ही अजून वरच. "टॉवर बंद होता," म्हणालात. "इंधन संपत आलंय." मी पिशवी हातात घेऊनच म्हटलं, उतरा हो, उतरा एकदाचे. इतकं मन लावून माझं कुणी कधी ऐकलं नाही.

मग नंदाने तिकडून ती दुसरी सीडी पाठवली आणि माझी नोकरी गेली.

ती त्या खेळाला जोडायची होती. ती घातली की आकाशात माणसं बोलायला लागायची. उडायच्या आधी तुम्ही मार्ग नोंदवायचा, कुठून, कुठल्या खुणांवरून, किती उंचीवरून, आणि मग एकामागून एक कंट्रोलर तुम्हाला सांगत राहायचे, आता वर या, आता डावीकडे वळा, आता खाली. सगळे अमेरिकन, सगळे नाकातून बोलणारे. मी त्यांना सरसकट गेंगाणा म्हणायचे. खालच्या पाटील वहिनी एकदा मीठ मागायला आल्या आणि दारातच थबकल्या. "काकू, आत कोण साहेब आलेत?" मी म्हटलं, "माझी सवत आहे. पुरुष निघाली."

तुमचं आणि गेंगाण्याचं पहिल्या दिवसापासून बिनसलं. आयुष्यभर हुकूम सोडले, आता घ्यायचे होते. "इतक्यात कशाला खाली बोलावतोय हा? याला चार्ट बघता येतो का?" असं पुटपुटत तुम्ही विमान वळवायची दांडी हलवायचात. पण हुकूम मोडायचा नाहीत. आणि म्हणूनच तो प्रकार झाला. परतीच्या वाटेवर मुंबईजवळ त्याने तुम्हाला 'होल्ड' म्हणून सांगितलं. तुमच्या जगात थांब म्हटलं की गाडी थांबते. तुम्ही इंजिनाचा जोर पार काढून घेतलात. विमानाने क्षणभर नाक वर केलं आणि मग दगडासारखं सुटलं.

"अहो, खाली चाललंय!"

"थांब म्हणालाय तो."

"तिथे काय सिग्नलचा खांब आहे का, त्याला टेकून उभं राहायला?"

तोवर समुद्र आला. तुमच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. खेळासोबतचं पुस्तक उघडलंत, बराच वेळ वाचलंत, मग चष्मा काढून म्हणालात, "तिकडे थांबायचं म्हणजे गोल गोल फिरत राहायचं असतं." मी म्हटलं, "हे मला विचारायचं होतं. लग्न झाल्यापासून मी या ओट्यापुढे तेच करतेय." तेव्हा मात्र माझ्यासमोर हसलात, पोट धरून. जिन्यात नव्हे.

मी मागे पलंगावर बसून शंका काढायचे. माझी तेवढीच करमणूक. मस्कतला धुकं असलं तर? वारा उलटा आला तर? वाट चुकली तर? रस्त्यात विचारायला कुणी नाही, पानवाला नाही, रिक्षावाला नाही. तुम्ही कधी चिडला नाहीत. दुसऱ्या दिवशीच्या फ्लाइट प्लॅनमध्ये तुम्ही धुक्यासाठी दुसरा विमानतळ घालायचात. उलट्या वाऱ्यासाठी इंधन वाढवायचात. मग मला जवळ बोलावून पडद्यावर बोट ठेवायचात. "हे बघ, इथे नाही जमलं तर इथे उतरायचं. तिथपर्यंत जाऊन वर थोडं उरेल एवढं इंधन घेतलंय." मी म्हणायचे, "तिथेही धुकं असलं तर?" तुम्ही तिसरा शोधायचात. मला वाटायचं, म्हाताऱ्याला उद्योग लागलाय. चालू दे.

आणि समुद्राच्या मधोमध ते एक यायचं. गेंगाणा म्हणायचा, आता माझी हद्द संपली, पुढच्याशी बोला. तुम्ही ते सगळं मोठ्याने परत म्हणायचात आणि कीबोर्डवरचं एक बटण दाबायचात. "आता मुंबईने सोडलं, मस्कतने धरलं," मला सांगायचात.

"मध्ये कुणी धरलेलं नसतं, असं किती वेळ?"

"असं नसतंच. दुसरा हो म्हटल्याशिवाय पहिला सोडत नाही."

मी मान खाली घालून जुडी पुढे ओढली. पण त्या दिवशी मेथीत मोठाले देठ राहिले. जेवताना तुम्हीच काढलेत.

एकदाच मी तुम्हाला खरं पेचात धरलं. म्हटलं, बटण दाबलं की त्याला पोचतं ना? मग तोंडाने एवढं सगळं कशाला म्हणता? त्याला थोडंच ऐकू जातंय? तुम्ही खुर्ची वळवलीत. असं सहसा करायचा नाहीत, विमान हवेत असताना. म्हणालात, "त्याला ऐकू जायला नाही म्हणत. मला नीट कळलंय की नाही, ते माझं मला कळावं म्हणून म्हणतो." मी म्हटलं, बरं बाई. आणि आमटी ढवळायला गेले. काही वाक्यं अशी आमटीत जातात आणि नंतर घशाशी येतात.

त्या सकाळी मी आत नारळ खवत होते. तुमचं मस्कत चाललं होतं. गेंगाणा काहीतरी म्हणाला. मी कान दिलाच नव्हता, रोजचंच होतं. मग तो तेच पुन्हा म्हणाला. मग पुन्हा, तसंच, त्याच आवाजात. इंग्रजी मला कळत नाही फारसं, पण एक कळत होतं. इतक्या वर्षांत कुणी तुम्हाला काही सांगितलं आणि तुम्ही परत म्हटलं नाही, असं कधी झालं नव्हतं. माझ्या हातातली नारळाची वाटी तशीच राहिली. मी बाहेर आले. तुम्ही खुर्चीत ताठ बसला होतात, एक हात छातीवर, आणि पाय पायट्यावरून घसरलेला.

बाकीचं सगळ्यांना सांगून झालंय. तुम्हाला ते ठाऊकच आहे. पाटलांची गाडी, मागच्या सीटवर तुम्ही, तुमचं डोकं माझ्या खांद्यावर, पाटील हॉर्न वाजवताहेत. जे मी कुणालाच सांगितलं नाही ते त्या गाडीतलं. तुम्ही डोळे उघडलेत आणि अगदी ऑफिसातल्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून म्हणालात, "नंदाकडे जायचं. यंदाच. खिडकीजवळ बसायचं."

आणि मग, "परत म्हणून दाखव."

मी म्हटलं, "गप्प बसा हो. बोलू नका. दम लागतोय तुम्हाला."

बसलात गप्प. जन्मात पहिल्यांदा माझं एका शब्दात ऐकलंत. पण माझ्याकडे बघत होतात. वाट बघत होतात, हे मला कळत होतं. मला वाटलं, हॉस्पिटलात पोचू, सलाइन लागेल, संध्याकाळी शुद्धीवर आलात की नेहमीसारखं उलटंपालटं करून म्हणून दाखवीन. मस्कतजवळ बसते, खिडकीकडे जाते, नंदा यंदा. तुम्ही म्हणाल, चूक, परत. संध्याकाळ आलीच नाही.

रात्री घरी आले तेव्हा इमारतीत वीज नव्हती. पडदा काळा. दुसऱ्या दिवशी जावईबापूंना मी फोनवर काय विचारलं असेल? "त्या विमानाचं काय झालं असेल हो?" ते बिचारे गडबडले. मग म्हणाले, "आई, वीज गेली म्हणजे ते जिथे होतं तिथेच संपलं. उतरलंही नाही आणि पडलंही नाही." मला ते बरं वाटलं. का, ते विचारू नका.

नंदा केतकीला घेऊन आली, सगळं तिने निभावलं. परवा ती या टेबलावरची धूळ पुसत होती. मी आपली पलंगावर. म्हणाली, "आई, ती दुसरी सीडी बाबांनी का मागवलेली, माहितीये?"

"भांडायला माणूस हवा होता त्यांना. मी पुरत नव्हते."

"नाही गं. मला फोनवर म्हणालेले, तुझ्या आईला वाटतं विमान एकदा वर गेलं की खाली कुणाचं लक्ष नसतं. तिला ऐकू यायला पाहिजे की कोणीतरी सारखं बोलत असतं. मी सांगून पटणार नाही तिला, तिच्या कानावर पडू दे. असं म्हणालेले."

मी म्हटलं, ते फडकं पिळून घे जरा, ओघळ येताहेत.

म्हणजे ते सगळे दुसरे-तिसरे विमानतळ, वरचं इंधन, ते गेंगाणे, सगळं माझ्यासाठी चाललं होतं तर. आणि ही शहाणी पलंगावर बसून म्हाताऱ्याला हसत होती. बाळकुमची ती टोपलीवाली पोर काही सुधारली नाही हो. नुसते केस पिकले. अजून आंब्याखालीच उभी आहे.

रागही येतोय, खोटं कशाला बोलू. सरळ म्हणायचं होतंत की, तुला भीती वाटते ना, हात धर, चल. तुम्हाला हुकूम सोडता यायचे आणि हुकूम पाळता यायचे, पण मधलं साधं बोलणं जमायचं नाही. अर्थात सरळ म्हणाला असतात तरी मी मेथीची जुडीच आपटली असती. तेव्हा जाऊ द्या. उपकार मानू की भांडू, ते मला अजून ठरवता येत नाहीये. आळीपाळीने दोन्ही करतेय. त्यानेच जास्त दमायला होतं.

आता मुद्द्याचं. नंदाला परत जायचंय. चल म्हणाली मला. आधी रोज म्हणायची, आता म्हणत नाही, नुसती माझ्याकडे बघते. तिकिटाचं आज-उद्याकडे सांगायला हवं. तुम्ही सोडलंत, पण मी हो म्हटल्याशिवाय तिने धरायचं कसं? तुमच्याच नियमाने मी मध्येच लटकलेय, आणि मध्ये असं काही नसतं म्हणायचात तुम्ही.

मघाशी मी तुमच्या खुर्चीत बसून पाहिलं. पायट्यावर पाय ठेवला. करकरला. खिडकीतून एक खरं विमान दिसलं, सांताक्रूझला उतरायला निघालेलं, दिवे लावून. मी डोक्यावर हात नेला नाही. कोणीतरी त्याच्याशी बोलत असेल, एवढंच मनात आलं.

तर ऐका. ऐकू जाणार नाही, ठाऊक आहे. माझं मला कळावं म्हणून म्हणतेय. एकही शब्द न फिरवता, उलटापालटा न करता, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

नंदाकडे जायचं. यंदाच. खिडकीजवळ बसायचं.

यापुढे 'बरोबर' म्हणायचं काम तुमचं. जमलं तर म्हणा, नाहीतर राहू द्या. नंदा उठलीय वाटतं. तिला सांगते आणि बॅग काढते. माळ्यावर आहे, तुम्हीच टाकलीत, माझा हात पोचणार नाही अशी.